यूव्ही-५आरवर १४४–१४६ची मर्यादा लावली, तरी सेट बँडबाहेर जातो: कारणं आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते. बाओफेंग यूव्ही-५आर हा हौशी रेडिओचा (हॅमचा) हातात धरायचा सेट संगणकावरून प्रोग्रॅम करायला चर्प हे सॉफ्टवेअर वापरलं, त्यात व्हीएचएफची खालची मर्यादा १४४ आणि वरची १४६ भरली, अपलोड केलं, पट्टी शेवटपर्यंत गेली. सेट बंद करून चालू केला, १५६.८०० दाबलं आणि सेटने ती फ्रिक्वेन्सी निमूटपणे घेतली. दुसरी तक्रार अशी, की मर्यादा जागेवर दिसते, पण रिपीटरच्या (सिग्नल ऐकून पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या) चॅनेलवर पीटीटी, म्हणजे बोलण्याची कळ, दाबला की ट्रान्समिट होतं १४६च्या वर. तिसरी, वरच्या ओळीवर १४५.५०० दिसत असताना सेट भलत्याच ठिकाणी बोलतो. तिन्ही तक्रारी "लिमिट टिकत नाही" याच शब्दांत येतात. मुळं मात्र तिघींची वेगळी आहेत, म्हणून एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

आधी आकडे पक्के करू. भारतात हौशी सेवेला २ मीटरवर (व्हीएचएफ) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ७० सेंटीमीटरवर (यूएचएफ) ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळतात. अमेरिकेत हेच पट्टे १४४–१४८ आणि ४२०–४५० आहेत, ब्रिटनमध्ये १४४–१४६ आणि ४३०–४४०. बाओफेंग यूव्ही-५आर कारखान्यातून सहसा १३६–१७४ आणि ४००–५२० असा सताड उघडा येतो. अडवायचं काम तुमचंच.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या तयार फायली बहुतेक अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या असतात, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकन फाइलमध्ये १४६.५२० हमखास असतं, कारण तिकडची २ मीटरची कॉलिंग (पहिली हाक मारायची) फ्रिक्वेन्सी ती. सोबत ४४६.००० असतं, तिकडची ७० सेंटीमीटरची. आपल्याकडे दोन्ही बँडबाहेर. युरोपीय फाइलमधलं १४५.५०० चालतं, पण ४३३.५०० चालत नाही, कारण आपला पट्टा ४३४ला सुरू होतो. अमेरिकेतल्या भावाने किंवा मैत्रिणीने सेट "प्रोग्रॅम करून" पाठवला असेल, तर त्यातले चॅनेल एकेक करून बघितल्याशिवाय पीटीटीला हात लावू नका.

मर्यादा भरली, पण सेटमध्ये गेलीच नाही

हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि सगळ्यात कमी जणांच्या लक्षात येतं.

यूव्ही-५आरच्या मेमरीत चॅनेल आणि नेहमीच्या सेटिंग्ज एका भागात असतात. बँडच्या मर्यादा आणि चालू करताना दिसणारा मजकूर वेगळ्या भागात असतो. चर्प या दुसऱ्या भागाला "अदर सेटिंग्ज" म्हणतं. अपलोड करताना चर्प फाइलमधली फर्मवेअर आवृत्ती आणि सेटमधली फर्मवेअर आवृत्ती ताडून बघतं. दोन्ही जुळल्या तर दोन्ही भाग लिहितं. जुळल्या नाहीत तर फक्त पहिला भाग लिहितं आणि शेवटी एक खिडकी उघडून सांगतं, की अपलोड झालं, पण फर्मवेअर जुळत नसल्यामुळे "अदर सेटिंग्ज" पाठवता आल्या नाहीत. त्यातला "अपलोड झालं" एवढाच भाग वाचून लोक ओके दाबतात. चॅनेल नवे दिसतात, त्यामुळे सगळं गेलं असा समज होतो. मर्यादा जुन्याच राहतात.

चर्पचं हे वागणं बरोबरच आहे. वेगळ्या फर्मवेअरचा तो भाग जबरदस्तीने लिहिला तर सेट बिघडू शकतो. चूक आपली असते: दुसऱ्याच्या सेटवरून काढलेली इमेज फाइल आपल्या सेटवर थेट ओतणं. क्लबमध्ये एक "मास्टर फाइल" फिरत असेल, तर तिथे हे नक्की होणार, कारण एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन सेटांचं फर्मवेअरही वेगळं असू शकतं.

सीएसव्ही फाइलची गोष्ट आणखी सरळ आहे. तिच्यात फक्त चॅनेल असतात, सेटिंग्ज नसतातच. सीएसव्हीमधून मर्यादा एका सेटवरून दुसऱ्यावर कधीच जात नाही.

बरोबर क्रम असा ठेवा:

१. सेटची बॅटरी भरलेली असू द्या. सेट चालू करून शांत फ्रिक्वेन्सीवर ठेवा. लिहिता-वाचताना कोणाचा सिग्नल आला तर काम अर्धवट तुटू शकतं.

२. केबल लावा, चर्पमध्ये पोर्ट निवडा, कंपनी बाओफेंग आणि मॉडेल यूव्ही-५आर निवडून "डाउनलोड फ्रॉम रेडिओ" करा.

३. आलेली फाइल आहे तशी, सेटचं नाव आणि तारीख घालून साठवा. या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. उद्या काही बिघडलं तर परत जायला हीच फाइल लागते.

४. तिची दुसरी प्रत वेगळ्या नावाने साठवा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीत करा.

५. सेटिंग्जच्या टॅबमध्ये "अदर सेटिंग्ज" उघडा. व्हीएचएफ लोअर लिमिट १४४, अप्पर लिमिट १४६; यूएचएफ लोअर ४३४, अप्पर ४३८. इथे फक्त पूर्ण मेगाहर्ट्झ भरता येतात. आपल्या चारही कडा पूर्ण आकड्यांवर आहेत, त्यामुळे अडचण येत नाही. "व्हीएचएफ टीएक्स एनेबल्ड" आणि "यूएचएफ टीएक्स एनेबल्ड" या खुणा तशाच राहू द्या. एखाद्या बँडवर फक्त ऐकायचंच असेल तर तिथली खूण काढा.

६. मित्राचे चॅनेल हवे असतील तर त्याची फाइल दुसऱ्या टॅबमध्ये उघडा, ओळी कॉपी करा आणि आपल्या फाइलमध्ये पेस्ट करा. त्याची फाइल अपलोड करू नका.

७. अपलोड करा आणि शेवटचा संदेश पूर्ण वाचा.

८. लगेच पुन्हा डाउनलोड करून "अदर सेटिंग्ज" बघा. तिथे १४४, १४६, ४३४, ४३८ दिसले तरच मर्यादा सेटमध्ये गेली असं म्हणायचं.

३ची कळ दाबून धरून सेट चालू केला की स्क्रीनवर फर्मवेअरचा क्रमांक येतो. दोन सेटांवर तो सारखा दिसला म्हणून आवृत्ती एकच असं समजू नका. चर्प स्वतः जे वाचतं तेच तुलनेला धरतं, आणि ते "अदर सेटिंग्ज"मध्येच "फर्मवेअर मेसेज" या ओळीत दिसतं.

"यूव्ही-५आर"सारखंच नाव आणि तोंडवळा असलेले, पण आतून वेगळे असलेले नवे सेट बाजारात बरेच आहेत. चर्पमध्ये त्यांचं मॉडेल वेगळं निवडावं लागतं. चुकीचं मॉडेल निवडून डाउनलोड झालंच नाही तर उत्तम. जे झालं ते विचित्र दिसलं, तर अपलोड मुळीच करू नका.

वरची मर्यादा धरून की सोडून?

१४६ लिहिलं म्हणजे सेट १४६.०००च्या अलीकडे थांबतो, की १४६.९९७५पर्यंत जातो? कागदावर वाद घालण्यापेक्षा व्हीएफओ मोडमध्ये (चॅनेलऐवजी थेट फ्रिक्वेन्सी दाबायच्या) १४६५०० दाबून बघा. सेटने आकडा नाकारला आणि जुन्या फ्रिक्वेन्सीवर परतला, तर ठीक. घेतला, तर वरची मर्यादा १४५ करा आणि पुन्हा १४५९०० आणि १४६१०० दाबून तपासा. यूएचएफवर हीच परीक्षा ४३८५०० दाबून करा. खालच्या कडेला १४३९०० आणि ४३३९००. चार आकडे दाबायला दोन मिनिटं लागतात. ही परीक्षा न करता सेट नवख्याच्या हातात देऊ नका.

मर्यादा लावली आणि ऐकणंही बंद झालं

हा बिघाड नाही. यूव्ही-५आरवर व्हीएफओची मर्यादा बोलणं आणि ऐकणं दोन्हींना लागते. कोकण किनाऱ्यावर १५६.८०० म्हणजे सागरी चॅनेल १६ ऐकणारे इथे वैतागतात आणि मर्यादा पुन्हा उघडून टाकतात.

उपाय असा. बँडबाहेर ऐकायचंच असेल, तर त्या फ्रिक्वेन्सी चॅनेल म्हणून भरा आणि चर्पच्या "डुप्लेक्स" रकान्यात "ऑफ" निवडा. मग त्या चॅनेलची ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी रिकामी लिहिली जाते आणि पीटीटी दाबला तरी सेट बोलत नाही. मर्यादा आवळलेली असताना बाहेरचे हे चॅनेल तुमच्या फर्मवेअरवर ऐकू येतात का, ते एका चॅनेलवर आधी बघा. येत नसतील तर निवड सरळ आहे: ऐकण्यासाठी वेगळा रिसीव्हर ठेवा. फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल अशा नुसत्या ऐकण्याला साधा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) पुरतो. ऐकण्याच्या हौसेपायी बोलण्याचं कुंपण काढायचं कारण नाही.

४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास परवान्याशिवाय चालणारे छोटे वॉकीटॉकी आपल्याकडे मिळतात. ते ऐकायला म्हणून ४४६ भरलं तर "ऑफ" नक्की करा. ती सूट त्या कमी शक्तीच्या सेटांना आहे, हॅमच्या चार-पाच वॉटच्या हँडीला नाही.

मर्यादा बरोबर, पण रिपीटरवर बँडबाहेर

इथे घोळ शिफ्टचा, म्हणजे बोलण्याची फ्रिक्वेन्सी ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा वर की खाली याचा असतो. २ मीटरवर रिपीटरचं अंतर ६०० किलोहर्ट्झ. समजा रिपीटर १४५.७००वर बोलतो आणि १४५.१०० ऐकतो. शिफ्ट "वजा" हवी. कोणी "अधिक" केली तर सेट १४६.३००वर बोलेल, म्हणजे बँडबाहेर. १४५.४००च्या वरच्या कोणत्याही रिपीटरला "अधिक ६००" चालूच शकत नाही, हे लक्षात ठेवलं तर यादी नुसती बघूनही चुका सापडतात.

दुसरी चूक दशांश चिन्हाची. सेटवर मेन्यू २५ म्हणजे शिफ्टची दिशा आणि मेन्यू २६ म्हणजे ऑफसेट, अर्थात त्या दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर. ऑफसेट मेगाहर्ट्झमध्ये असतो. ६०० किलोहर्ट्झ म्हणजे ००.६००. घाईत ०६.००० झालं तर १४५.७०० वजा ६ म्हणजे १३९.७००. चर्पच्या रकान्यातही ०.६ लिहायचं, ६०० नाही.

यूएचएफवर अमेरिकेतला ठरलेला ऑफसेट ५ मेगाहर्ट्झ आहे, आणि बऱ्याच तयार फायलींत तो तसाच येतो. आपला अख्खा पट्टाच ४ मेगाहर्ट्झ रुंद. म्हणजे ५चा ऑफसेट असलेला यूएचएफ चॅनेल भारतात हमखास चुकीचाच, रिपीटर कोणताही असो. अशा ओळी दिसल्या की थेट काढा.

ट्रान्समिट न करता चॅनेलची बोलण्याची फ्रिक्वेन्सी बघता येते. मेन्यू २१ आणि २२मध्ये डिस्प्ले फ्रिक्वेन्सीवर ठेवा, चॅनेलवर या आणि तारांकनाची कळ हलकेच दाबा. वर "आर" येतो आणि ऐकण्याची व बोलण्याची फ्रिक्वेन्सी उलटते. दिसणारा आकडा १४४–१४६ किंवा ४३४–४३८च्या आत आहे ना, एवढंच बघायचं. परत दाबून उलटं करायला विसरू नका. ती कळ जास्त वेळ धरली तर स्कॅन सुरू होतो.

१४५.५०० दिसतं, पण सेट बोलतो दुसरीकडे

हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण स्क्रीनवर काहीच चुकीचं दिसत नाही.

कीपॅडवरून चॅनेल साठवताना यूव्ही-५आर दोन फेऱ्या घेतो. रिकाम्या चॅनेलवर पहिल्यांदा साठवलेली फ्रिक्वेन्सी ऐकण्याची. त्याच चॅनेलवर दुसऱ्यांदा साठवलेली फ्रिक्वेन्सी बोलण्याची. रिपीटर भरायला ही सोय आहे. पण जुना चॅनेल बदलायला गेलात तर हीच सोय उलटते. पाचव्या चॅनेलवर १४५.५०० आहे. तुम्हाला तिथे ऐकण्यासाठी १५६.८०० हवं आहे, म्हणून व्हीएफओवर १५६.८०० आणून मेन्यू २७मधून पाचवर साठवलं. सेटने जुनं पुसलं नाही. ऐकण्याची १४५.५०० तशीच ठेवली आणि १५६.८०० बोलण्याची म्हणून जोडली. आता पाचवर गेलात की १४५.५०० दिसतं, पीटीटी दाबला की आवाज जातो सागरी आपत्कालीन चॅनेलवर. काय होऊ शकतं ते सांगायला नको.

ओळखायची खूण सोपी आहे. मेन्यू २७मध्ये चॅनेलच्या आकड्याआधी "सीएच-" दिसलं तर तो भरलेला आहे. आधी मेन्यू २८मधून तो पुसा, मग साठवा. आणि हो, रिपीटरचा टोन (रिपीटर उघडण्यासाठी आवाजासोबत जाणारा सूर) मेन्यू १३मध्ये, चॅनेल साठवण्याआधी भरा. मागाहून भरला तर तो त्या चॅनेलला चिकटत नाही. अशा वेळी लोक परत साठवतात आणि वरचाच खड्डा पुन्हा खणतात.

दुसरं कारण ड्युअल वॉच. मेन्यू ७ चालू असेल तर सेट वरची आणि खालची दोन्ही ओळी ऐकतो. खालच्या ओळीवर सिग्नल आला आणि तुम्ही लगेच पीटीटी दाबला, तर ट्रान्समिट खालच्या ओळीवर होतं. खाली काही भलतंच उरलेलं असेल तर ते तुमच्या नावावर. ड्युअल वॉच हवाच असेल तर मेन्यू ३४ "ए"वर ठेवा, म्हणजे बोलणं वरच्याच ओळीवर राहील. नको असेल तर मेन्यू ७ बंद. नवख्यांच्या सेटवर तो बंदच बरा.

# ची कळ दाबून धरून कीपॅडला कुलूप लागतं, पण पीटीटीला लागत नाही. त्या कुलपाच्या भरवशावर सेट लहान मुलांच्या हाती देऊ नका.

खात्री कशी करायची

डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती हवेत न सोडणारा रोध) ५० ओहमचा घ्या. यूव्ही-५आरच्या सेटवर अँटेनाचा जोड एसएमए मेल असतो, म्हणजे लोडवर एसएमए फीमेल लागेल. इतर सेटांसाठी घेतलेला लोड बसत नाही म्हणून अँटेनावरच परीक्षा घेणं चालणार नाही. मेन्यू २मधून शक्ती लो करा. दोनेक मीटरवर आरटीएल-एसडीआर ठेवा आणि त्याची अँटेना काढा किंवा अगदी छोटी लावा. जवळून इतका जोर बसतो, की डोंगल गुदमरतो आणि स्क्रीनवर नसलेले सिग्नल दिसू लागतात. मुख्य शिखर एकच असतं. सेट दूर नेला की खोटी शिखरं नाहीशी होतात, खरं तेवढं उरतं.

एक-एक सेकंद पीटीटी दाबून प्रत्येक रिपीटर चॅनेल बघा. डोंगलची स्वतःची चूकही धरा. साध्या डोंगलची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) असू शकते, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झवर सात किलोहर्ट्झच्या वर. टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न ढळणारा ऑसिलेटर) असलेला १ पीपीएमचा डोंगल असेल तर दीडशे हर्ट्झ.

कडेला चिकटून चॅनेल भरू नका. वाइड एफएममध्ये ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी जितकी हलते ते) आणि ३ किलोहर्ट्झ आवाज धरला तर सिग्नल १६ किलोहर्ट्झ रुंद होतो, म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ. नॅरोमध्ये ११ किलोहर्ट्झ. सेटची अचूकता २.५ पीपीएम, म्हणजे ४३७वर आणखी एक किलोहर्ट्झ. डिस्प्लेवर १४५.९९७५ बँडच्या आत दिसतं, पण सिग्नलचा साधारण तिसरा हिस्सा १४६च्या पलीकडे सांडतो. शिवाय १४५.८०० ते १४६.००० उपग्रहांचा भाग आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८००वर येतो. तिथे गप्पांचा चॅनेल मुळात भरूच नये.

केबल

डाउनलोडच होत नसेल तर दहापैकी आठ वेळा केबल कारण असते. दोन पिनांचा प्लग शेवटपर्यंत जात नाही, "टक" आवाज येईपर्यंत जोराने दाबावा लागतो. स्वस्त केबलमध्ये प्रोलिफिकची नक्कल असलेली चिप असते आणि विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला ओळखून काम नाकारतो. जुना ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची केबल घ्या. लिनक्सवर पोर्ट उघडत नसेल तर वापरकर्त्याला "डायलआउट" गटात टाका आणि लॉगआउट करून परत या.

एचएफचे सेट

एचएफच्या, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, सेटांवर प्रश्न तोच, आकडे वेगळे. भारतात ४० मीटर ७.००० ते ७.२००, अमेरिकेत ७.३००पर्यंत. अमेरिकन बाजारासाठीचा सेट ७.२५०वर बिनदिक्कत बोलतो. आयकॉम आयसी-७३००मध्ये यावर चांगली सोय आहे: सेट, फंक्शन, "बँड एज बीप" इथे जाऊन "ऑन युजर अँड टीएक्स लिमिट" निवडा. मग "युजर बँड एज"मध्ये आपल्या कडा भरता येतात आणि बाहेर ट्रान्समिट अडतं. पूर्ण रीसेटनंतर या कडा पुन्हा भरा.

साइडबँड मात्र तुम्हीच सांभाळायचा. यूएसबीवर (अप्पर साइडबँडवर) आवाज डायलच्या आकड्याच्या वर जवळजवळ तीन किलोहर्ट्झ पसरतो, म्हणून २० मीटरवर डायल १४.३४७च्या वर नेऊ नका. ४० मीटरवर एलएसबी (लोअर साइडबँड) असल्यामुळे उलट: वरची कड ७.२०० बिनधास्त, खालच्या बाजूला मात्र ७.००३च्या खाली जायचं नाही.